चवथीक कधी जातलास?

श्रावणातली अमावास्या दोन दिवसांवर आली होती. पाऊस थांबला होता, म्हणजे कपडे बाहेर घालायचा मोह व्हावा आणि घातल्यावर पस्तावावं, इतकाच. मी मागच्या अंगणात दोरीवर सोलापुरी चादर पसरत होते. गडग्यापलीकडून शेजारच्या काकींचं डोकं वर आलं. हातात कोयता, केसात अबोलीचा वळेसर. म्हणाल्या, "काय वो, चवथीक कधी जातलास?" मला कळलंच नाही. तोंडातला चिमटा काढून मी विचारलं, "कुठे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "खंय म्हंजे? घराक!" आणि डोकं परत गडग्याआड गेलं.

माझ्या पाठीशी घर होतं. भाड्याचं असेल, पण जानेवारीपासून मी त्यात राहत होते. त्याच्या स्वयंपाकघरातल्या मुंग्या कुठल्या फटीतून निघतात आणि पावसाचा वास आला की त्या साखरेऐवजी तांदळाच्या डब्याकडे का वळतात, हे मला माहीत होतं. मागच्या दाराची कडी आधी उचलून मग ओढावी लागते, हे हाताला अंधारातही कळत होतं. तरी काकींनी 'घराक' म्हटलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरंच काहीतरी होतं. कुठलं, ते त्यांनाही माहीत नसणार. मलाही सांगता आलं नसतं.

प्रश्न तसा नवा नव्हता. वेंगुर्ल्यात आल्यापासून तो मला सगळ्यांनी विचारला आहे. रिक्षावाल्याने, गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या मुलाने, बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांनी. जानेवारीत तो रास्तच होता, त्या दिवसांत इथे येणारा नवा चेहरा पर्यटकाचाच असतो. मार्चमध्ये मी हसून म्हणायचे, "इथेच आहे." समोरचाही हसायचा आणि आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. काकींनी मात्र तो आजवर विचारला नव्हता, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना माझ्या बाजूचं धरलं होतं.

मी का आले, याचं उत्तर मी प्रत्येकाला वेगळं देते. हवापालट, काम कुठूनही होतं, समुद्राची हौस. यातलं सगळं थोडं थोडं खरं आहे. आई गेल्यावर सोलापूरचं घर विकलं गेलं, माझं काम मुद्रितशोधनाचं, फायली मेलवर येतात आणि मेलवर जातात. तेव्हा पुढच्या घराचा पत्ता काय असावा याला कुठलंच कारण उरलं नव्हतं. आठ दिवसांसाठी आले होते. परतीचं तिकीट कुडाळहून होतं, ते रद्द केलं. घर मिळालं ते एका डोंबिवलीकर कुटुंबाचं, मे महिना आणि गणपती सोडून वर्षभर बंद असणारं. करार अकरा महिन्यांचा, 1 जानेवारी ते 30 नोव्हेंबर. एकच अट तोंडी घातली गेली: चवथीला आमचा गणपती याच घरात बसतो, तेवढे दिवस आम्ही येणार. मी आनंदाने हो म्हटलं. जानेवारीत चतुर्थी फार लांब असते.

पहिले काही आठवडे मी या घराशी भांडण्यात घालवले. भिंती चिऱ्याच्या. खाणीतून काढताना मऊ असणारा जांभा वारा लागल्यावर कडक होत जातो, पण आमच्या भिंतीला हे कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. खिळा ठोकला की तो सरळ आत जायचा आणि दुसऱ्या दिवशी चित्रासकट खाली यायचा. उशीवर तांबडी भुकटी. लोखंडी कपाटाच्या बिजागरीतून गुलाबी पाणी ओघळलेलं. सोलापूरच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा मी उगाच जवळ ठेवला होता (घर विकलं, कुलपं बदलली, किल्ल्या कोण मागणार), तो फेब्रुवारीतच तांबूस झाला. मिठाच्या बरणीत मीठ नव्हे, चिखल. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घ्यायला लागतं, हे मला शाळेत कुणीतरी शिकवलं असणार. पण जिथे पापड तळून ताटात वाढेपर्यंतच नव्हे, चार दिवस उघडा ठेवला तरी कुरकुरीत राहतो, त्या गावात असल्या ज्ञानाचा उपयोग नसतो.

पाण्याचं तर वेगळंच. सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी यायचा. पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. पातेली, डबे, एकदा तर वडिलांचं हेल्मेट. इथे मागच्या अंगणात विहीर, हात लांब केला की पाणी. तरी मी रोज रात्री बादल्या भरून ठेवायचे. काकींनी एकदा ते पाहिलं. न्हाणीघरात ओळीने सहा बादल्या. म्हणाल्या, "बाव खंय उडान जाता?" विहीर कुठे उडून जाते, या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे जायची, एवढंच सांगता आलं असतं. मेमध्ये त्याच विहिरीचं पाणी मचूळ झालं, चहाला एक ओशट चव यायला लागली, तेव्हा मला आत कुठेतरी समाधान वाटलं हे कबूल करते. बादल्या आता पाच कमी केल्या आहेत. एक अजून भरून ठेवते.

मुद्रितशोधकाला शब्दांची खोड असते, म्हणून की काय, मला या गावात पहिल्यांदा आत घेतलं ते शब्दांनी. भांग हा शब्द मला केसांतला आणि होळीतला एवढाच माहीत होता. इथे भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मरगळलेली भरती. अमावास्या-पौर्णिमेचं ते उधाण, मधला तो भांग. आणि तिथी! माझ्या आयुष्यात तिथी म्हणजे एकादशी आणि चतुर्थी, म्हणजे साबुदाणा. फेब्रुवारीत एकदा मी बंदरावर फिरायला निघाले होते, फोनवर भरतीची वेळ शोधत. काकी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे एक नजर टाकून म्हणाल्या, "आज षष्ठी. साडेचारांक भरती." त्यांनी हिशेब सांगितला तेव्हा मी चकित झाले. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. सहाची पाऊणपट साडेचार. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, सकाळ असो की संध्याकाळ. म्हणजे भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्या जागी येते. चंद्राचं गणित या बाईंनी पाढ्यात बसवून टाकलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस मी कारण नसताना पाऊणकी करत बसायचे. दशमी, साडेसात. द्वादशी, नऊ. मला समुद्रात जायचं नव्हतं, होडी नव्हती, जाळं नव्हतं. पण माहीत असलेलं बरं.

याच दिवसांत रापणीला हात लावला. सकाळी किनाऱ्यावर माणसं दोन रांगांत दोर ओढत होती, मी बघत उभी होते, कुणीतरी मान हलवून ये म्हटलं. दोर ओला, मिठाने खरखरीत, पाचव्या मिनिटाला तळवे पेटले. मी दोर ओढत होते की दोर मला, याची शंका सगळ्यांनाच आली असणार. जाळं वर आलं, चंदेरी तडफड, कावळे, कुत्रे, आरडाओरड. रापण ओढणाऱ्याला वाटा मिळतो. मलाही मिळाला. पिशवी नव्हती म्हणून ओढणीत पेडवे ओतले. घरी येईपर्यंत मी हवेत होते. मग काकींनी ओढणीत डोकावून विचारलं, "इतके?" त्यांच्या हिशेबात माझ्या कामाला ओंजळभर पुरे होते. मला दीड किलो तरी दिले होते.

तो पाहुण्याचा वाटा होता.

या गावाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची सवय फार जुनी आहे. 17व्या शतकातली डच वखार अजून उभी आहे, म्हणजे भिंती आहेत आणि भिंतींवर झाडं आहेत. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा दगडांपेक्षा मुळांकडेच जास्त पाहत राहिले. इतक्या लांबून येऊन, इतक्या जाड भिंती बांधून राहणाऱ्या त्या माणसांनाही बाजारातल्या एखाद्या बाईने विचारलं असेल, कधी जातलास म्हणून. गावातली म्हातारी माणसं अजून बोटीच्या गोष्टी सांगतात. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट एकेक बंदर घेत यायची, वेंगुर्ल्याला मोठी बोट बाहेरच थांबायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची. मग एसटी आली, 1998 साली रेल्वे अखंड सुरू झाली. वाहनं बदलली, दिशा तीच राहिली. इथल्या घराघरातला एखादा तरी माणूस मुंबईला असतो आणि मुंबईचा पत्ता इथे कुणाला पाठ नसतो. 'मुंबयक आसा' एवढंच. मी उलट्या दिशेने आलेली. बोटीत सगळे चढत असताना एखादी बाई उतरायला लागावी आणि सगळ्यांनी तिला वाट देताना चुकली असेल बिचारी म्हणून बघावं, तसं मला बरेच दिवस वाटायचं.

मेच्या शेवटाला काकी सांगत होत्या, पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधून घ्या, झड आत येईल. मी म्हटलं, येऊ दे की थोडा पाऊस आत! सोलापूरला वर्षाकाठी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्याकडे पाऊस खिडकीतून आत आला तर खिडकी बंद करत नाहीत. इथे वर्षाला 3000 च्या घरात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मला हा आकडा अंगावर समजला. पाऊस वरून पडत नव्हता, समुद्राकडून आडवा येत होता. पडवी ओली, भिंत ओली, भिंतीला टेकलेला मोडा बुरशीने हिरवा, मग पांढरा. लाईट गेली ती तिसऱ्या दिवशी आली. पुस्तकांना तो कुबट वास, चपलांवर शेवाळ, आणि सोलापुरी चादर, जी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ती ओली होऊन इतकी जड झाली की पिळताना मनगट दुखलं. ती चौदा दिवस वाळली नाही. पंधराव्या दिवशी मी तिला हुंगलं आणि रडले. कारण चादर नव्हती, हे उघड आहे, पण त्या क्षणी ती चादरच होती. त्या दिवशी काकी काही न बोलता मागच्या दाराने आल्या, चादर घेऊन गेल्या आणि संध्याकाळी आणून दिली. चुलीवरच्या दोरीवर वाळवलेली. तिला धुराचा वास येत होता, तो अजून गेलेला नाही. गडग्याच्या त्या बाजूला तोवर ताडपत्री आणि झापं सगळी नीट बांधलेली होती. माझ्या बाजूला त्यांच्याच माणसाने दुसऱ्या दिवशी येऊन बांधली. पैसे विचारले तर म्हणाला, काकींनी दिले.

काकी मला अहो-जाहो करतात. मालवणीत हा आदर एका कान्यात असतो. तू आसस, तुमी आसास. जवळच्याला 'जातलंस', परक्याला 'जातलास'. त्यांचा प्रत्येक शब्द माझ्याशी बोलताना काना घेऊन यायचा, आणि काने-मात्रे मोजण्यावरच माझं पोट असल्याने मला तो दर वेळी ऐकू यायचा.

आणि चवथ आली. डोंबिवलीहून अकरा माणसं आली, दोन बॅगा आधी, मग पिशव्या, मग आवाज. आठ महिने मी ज्या घरात फक्त माझा खोकला ऐकला होता त्याच्या प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी हसत होतं. मी मागच्या खोलीत सरकले. माणसं अतिशय चांगली. इतकी चांगली की सारखं विचारायची, तुम्हाला त्रास होत नाही ना. चहाचा कप माझ्या हातात देऊन 'बसा ना' म्हणायची, आणि मी माझ्याच खुर्चीवर बसायचे. साखर कुठे आहे हे मला माहीत होतं. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, माळ्यावर कुठल्या वाशाला टांगलेली असते, हे त्यांना. ती खाली उतरली, तिला सुपारीचे घोस, कवंडळं, तेरडा, नारळ बांधले गेले, आणि माजघराचा नुसता रंगच नाही, उंचीही बदलल्यासारखी वाटली. त्यांच्या आजींनी संध्याकाळी निरांजन लावायला सवयीने कोनाड्यात हात घातला. काडेपेटीच्या जागी त्यांच्या हाताला माझी लाल पेनं लागली. त्यांनी ती पाहिली, काही न बोलता एका बाजूला सरकवली आणि काडेपेटी शोधायला दुसरीकडे गेल्या. साठ वर्षं त्या कोनाड्यात काडेपेटी असणार. मी ती पेनं रात्री काढून घेतली.

काकींचा मुलगा त्याच दिवशी आला, गाडीला आठ तास उशीर होऊन. मी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं भांडं परत द्यायला गेले होते. तो ओटीवर बॅग ठेवत होता, बूटही काढले नव्हते. काकींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्याने दोन घोट घेतले, आणि त्या म्हणाल्या, "कधी जातलंस रे?"

तो म्हणाला, सोमवारी. काकींनी मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग तांब्या घेऊन आत गेल्या, आणि आत गेल्यावर बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. ना भांड्याचा, ना पाण्याचा. मुलाने बूट काढले. मी भांडं ओटीवर ठेवून निघून आले.

पाचव्या दिवशी विसर्जन. अष्टमी होती. सकाळपासून चर्चा, किती वाजता निघायचं. मी पोहे खाता खाता म्हटलं, सहाला भरती आहे. टेबलाभोवती एक क्षण शांतता पसरली. आजींनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "आठाची पाऊणपट," मी म्हटलं, आणि मला इतका अभिमान वाटला की पोहे जास्त वाढून घेतले. सहाला सगळे किनाऱ्यावर. आरती झाली, मूर्ती डोक्यावर, आणि पाणी अजून चढतच होतं, वाळूच्या वरच्या रेघेला लागलं नव्हतं. भांगाचं पाणी, त्याला कसली घाई नव्हती. काकी मागे उभ्या होत्या. "अष्टमी सकाळीच गेली," त्या म्हणाल्या. "आता नवमी. पावणेसात." तारखेला मध्यरात्रीची शिस्त असते, तिथी वाटेल तेव्हा बदलते, हे माझ्या पाढ्यात नव्हतं. मालकांच्या मुलाने फोन काढून पाहिला, तोही साधारण तसंच सांगत होता. सगळे हसले, मीही. मग आम्ही पाऊण तास मूर्ती घेऊन वाळूत बसलो. पोरं ओली झाली, कुणीतरी भजन धरलं, आजींनी मला विचारलं की विहिरीचं पाणी यंदा मेमध्ये मचूळ झालं का. झालं म्हटलं. "दर वर्षी होतं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच आमच्यात घराबद्दल बोलणं झालं.

दोन दिवसांनी गाड्या भरल्या. नारळ, कोकमं, तांदूळ, एक कुंडी. निघताना आजी देवघरापाशी थांबल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, संध्याकाळचा दिवा लावत जा. मी हो म्हटलं. काडेपेटी त्यांनी परत कोनाड्यात ठेवून दिली होती. काकींचा मुलगाही सोमवारी गेला.

त्यानंतरचे दोन दिवस मी घरात नुसती फिरत होते. माटवी तशीच टांगलेली, तेरडा काळा पडलेला, एक कवंडळ फुटून त्यातला गर खाली गळत होता. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी चादर बाहेर घातली. मागे नारळ पडल्याचा धप्प आवाज आला. तो आवाज आता मला दचकवत नाही, फक्त कुठल्या झाडाचा हे कळतं. नारळ उचलून गडग्यावर ठेवायला गेले, तर काकी पलीकडे झावळ्या विणत बसलेल्या. वर न बघता म्हणाल्या, "ह्या वर्साक कौलां खूप फुटली. मे म्हयन्यात शाकारूक माणसां येतली. तुझ्या घराकय त्याच वेळी करून घेव. आसस मां तू तेव्हा?"

"आहे," मी म्हटलं.

काकींनी नारळ घेतला आणि तो सोलायला आत गेल्या. मी चिमटे लावले. दारापर्यंत येईतो ते वाक्य कानात परत एकदा वाजलं आणि माझी लाल पेन धरायची बोटं आपोआप हलली. आसस. काना नव्हता.

आत येऊन करार शोधला. कपाटात, किल्ल्यांच्या जुडग्याखाली. कागद दमट होऊन मऊ पडला होता, एका कडेला गंजाचा गोल डाग, आणि माझ्या सहीची शाई ओलीने पसरून निळा ढग झालेला. तारीख मात्र छापील होती, स्पष्ट वाचता येत होती. 30 नोव्हेंबर.